फरशीवरचा डाग

"दादा, तो डाग हळदीचा न्हाई, आइलचा हाय," हमाल म्हणाला आणि मी पोत्याखालची फरशी वाकून बघितली.

सांगलीत गणपती पेठेजवळचं जुनं गोदाम. सगळीकडे हळदीची पिवळी धूळ आणि मधोमध हा काळाकुट्ट डाग. बरोबर वर, सागवानी तुळईला जाडजूड लोखंडी आकडा. इंजिन उचलायच्या चेनपुलीचा. पुढं गाड्यांची शोरूम होती, मागं सुट्या भागांचं गोदाम. "आमचा आज्जा काचंला नाक लावून शेवरलेट बघायचा," तो म्हणाला.

१९२८ साली शेवरलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीनं यायचे, जुळणी तिथं व्हायची. त्यातलीच एखादी इथं येऊन उभी राहिली असेल, हे सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. दार बघा ना केवढं रुंद! पोत्यांसाठी एवढं दार कोण करतं?

पुढच्या महिन्यात इमारत पाडणार आहेत. मालकांशी बोललो, आकडा काढून ठेवतो म्हणाले. फरशीचं काय करावं, मला सुचेना. फोटो तेवढे काढून आलो.

सांगलीकरांनो, कुणाच्या घरच्या अल्बममध्ये या शोरूमचा फोटो आहे का?