घरातली सगळी बटणं बंद, तरी मीटर चालूच

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. फोन ठाण्याहून आला होता, एका ताईंचा. आई दादरला एकटी असते, बिल खूप येतंय, आई काही वापरतच नाही तरी येतंय, दादा एकदा बघून या ना. मी वायरमन आहे, दादर माहीम परळ भागात जुन्या बिल्डिंगांची कामं जास्त करतो, बिल जास्त येतं ही तक्रार आमच्याकडे रोजची. दहातल्या आठ वेळा एसी नाहीतर गिझर निघतो. म्हटलं बघतो.

दुपारी दीडला पोचलो. बाहेर उन्हाने नुसती काहिली, हवेत चिकचिक, दोन जिने चढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. काकूंनी दार उघडलं तर आत अंधार, पंखा बंद, आणि काकू खिडकीजवळ पाट टाकून बसलेल्या, हातात वहीचा पुठ्ठा, त्याने वारा घेतायत. वय सत्तरीच्या पुढे, रिटायर शिक्षिका. मी आलो म्हणून पंखा लावला आणि लगेच म्हणाल्या, "तू बस रे बाळा, मला सवय झालीय." खरं सांगतो, ते ऐकून फार वाईट वाटलं.

मग एकेक कळत गेलं. रात्री झोपताना फ्रिज बंद करायच्या, त्यामुळे दूध नासायचं. संध्याकाळी दिवेलागणीला देवघरातला एक दिवा, बाकी अंधार. बेडरूममधला एसी काकांच्या आजारपणात घेतलेला, ते गेल्यापासून त्याच्यावर चादर. गिझर थंडीतच, तोही दहा मिनिटं. आणि बिल? 330 युनिट. एकट्या बाईचं, एसी न लावता, 330!

काकूंनी फाइल काढून दिली, दोन वर्षांची बिलं ओळीने लावलेली, प्रत्येकावर युनिटच्या आकड्याला लाल पेनाने गोल. मी डिसेंबर जानेवारीची बघितली, 325 च्या आसपास. एप्रिलचं बघितलं, तेच. तिथेच मनात पाल चुकचुकली. माणसाचा वापर ऋतूप्रमाणे हलतो, मुंबईत थंडीत पंखा कमी, उन्हाळ्यात जास्त, बिलात ते चढउतार दिसायलाच पाहिजेत. बारा महिने सरळ रेघ म्हणजे घरात अशी काहीतरी गोष्ट आहे जी ना झोपते ना सुट्टी घेते.

त्याच्या आधी दोन उपाय करून झाले होते. एक, मीटर फास्ट आहे म्हणून तपासून घेतलेलं, मीटर बरोबर निघालं. दुसरा, कोणीतरी दारावर येऊन एक डबी विकून गेलेला, सॉकेटला लावा, तीस टक्के वीज वाचते म्हणे. मी ती काढून उघडली. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक हिरवा एलइडी, बस. घरगुती मीटर किलोवॅट-अवर, म्हणजेच युनिट मोजतं, या डबीने त्यात काही फरक पडत नाही, उलट तो हिरवा दिवा चोवीस तास जळत राहतो. म्हाताऱ्या माणसांना गाठून हे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग मी माझ्या हाताखालच्या पोराला वर ठेवलं, घरातली सगळी बटणं बंद करायला लावली, फ्रिजचा प्लग काढला, टीव्हीचा सेट टॉप बॉक्ससकट काढला, फक्त बोर्डातला मेन चालू ठेवला आणि मी खाली मीटर रूममध्ये गेलो. हे प्रत्येकाने आपल्या घरी करून बघावं म्हणून नीट सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला बऱ्याचदा 3200 imp/kWh असं छापलेलं असतं, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात काहीच चालू नसेल तर तो लुकलुकायला नको. काकूंचा लुकलुकत होता. मोबाईलवर वेळ लावली, एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत साडेतीन सेकंद. 3200 वाल्या मीटरला सोपा हिशोब असतो, 1125 ला त्या सेकंदांनी भागायचं, जे येईल तेवढे वॅट. 1125 भागिले 3.5, म्हणजे 320 वॅट. बंद घरात 320 वॅट! दिवसाला साडेसात युनिटच्या वर, महिन्याला 230. काकूंचा स्वतःचा वापर जेमतेम शंभर युनिट, बाकी सगळं कुठेतरी वाहून जातंय.

फोनवर पोराला म्हटलं मेन पाड. त्याने पाडला आणि दिवा थांबला. मला हायसं वाटलं, कारण मेन पाडूनही थांबला नसता तर मीटर आणि घर यांच्यामध्ये कोणीतरी टॅप मारलाय असा अर्थ झाला असता, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप असं दुसऱ्याच्या मीटरवर चाललेलं मी पाहिलंय आणि मग सोसायटीत जी भांडणं होतात ती नको वाटतात. इथे दोष घरातच होता.

वर येऊन बोर्ड उघडला, क्लॅम्प मीटर लावला, वायरभोवती चिमट्यासारखा धरला की करंट दाखवतो तो. फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर 1.4 अँपिअर, न्यूट्रलवर, म्हणजे परत नेणाऱ्या वायरवर शून्य. करंट जातोय पण न्यूट्रलने परत येत नाही, म्हणजे थेट जमिनीत उतरतोय. एकेक एमसीबी, म्हणजे बोर्डातला प्रत्येक लाइनचा आपोआप पडणारा स्विच, पाडत गेलो, बाथरूमची पाडली आणि काटा शून्यावर. काकू म्हणाल्या, "अरे पण गिझर बंद आहे." बरोबर आहे, पण बोर्डापासून गिझरच्या स्विचपर्यंतची वायर कायम जिवंत असते, स्विच बंद केला तरी तिथपर्यंत वीज उभीच असते.

एमसीबी परत चढवण्याआधी मी विचारलं, काकू, बाथरूममध्ये नळाला हात लावल्यावर काही होतं का? त्या म्हणाल्या, "हाताला झिणझिण्या येतात रे, ओला हात असला की जास्त, मला शुगर आहे ना, डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या दिल्यात." माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना आणि पोराला बाहेरच्या खोलीत बसवलं, बूट न काढता आत गेलो आणि तपासासाठी थोडा वेळच एमसीबी चढवून नळ आणि न्यूट्रलमध्ये मल्टीमीटर धरला, 35 व्होल्ट. कोरड्या हाताला काही नाही, पण साबणाच्या पाण्यात अनवाणी उभ्या असलेल्या वयस्कर बाईला हे कधीही भोवलं असतं. एमसीबी उतरवून भिंत बघितली. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं लीकेज, प्लास्टर फुगलेलं, रंगाचे पापुद्रे सुटलेले, आणि त्या ओल्या भिंतीत मधेच वीतभर रुंद पट्टा कोरडा. हात ठेवला तर कोमट. बिलाचे पैसे तिथे भिंत तापवण्यात चालले होते.

फोडल्यावर आत जुना लोखंडी पाइप निघाला, गंजून अर्धा खाल्लेला, त्यात रबराची वर कापडी वीण असलेली पार जुनी वायर, बोट लावलं की रबर पिठासारखं गळत होतं. तोच पाइप पुढे पाण्याच्या लोखंडी पाइपला टेकलेला. बोर्ड चकाचक नवा, एमसीबी नवीन, टाइल्स नवीन, आणि भिंतीत वायर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. दादर गिरगावच्या कितीतरी घरांत हेच आहे, लोक फॉल्स सीलिंगला लाख घालतात आणि वायरिंगचं नाव काढलं की पुढच्या वर्षी बघू म्हणतात. एमसीबी का पडली नाही असं ताईंनी फोनवर विचारलं. ती ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असते, 16 अँपिअरच्या एमसीबीला 1.4 अँपिअर म्हणजे काहीच नाही. गळती पकडते ती आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरची लावली तर तेवढ्या गळतीला खटकन पडते, आणि इथे गळती त्याच्या पंचेचाळीस पटीहून जास्त होती. घरात आरसीसीबी नव्हतीच.

त्याच दिवशी ती जुनी लाइन कायमची तोडली, दुसऱ्या दिवशी कोरड्या भिंतीवरून पट्टी मारून नवी वायर ओढली, अर्थिंग नीट केलं, आरसीसीबी बसवली. वरच्या शेजाऱ्यांना बोलावून तो पट्टा दाखवला. लीकेजवरून दोन घरांची बोलाचाली बंद होती, पण नळाला करंट येत होता हे कळल्यावर त्यांचा चेहराच उतरला, आठवड्यात त्यांनी बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं.

त्या संध्याकाळी निघण्याआधी मी काकूंसोबत बसून त्यांच्याच वहीत हिशोब मांडला, कारण त्यांनी पंखा परत बंद केला असता तर माझं काम अर्धंच झालं असतं. साधा पंखा 75 वॅटचा, तेरा तास फिरला की एक युनिट. 9 वॅटचा एलइडी शंभर तासांहून जास्त जळतो तेव्हा एक युनिट. फ्रिज त्यांचा छोटा, दिवसाला एक युनिटसुद्धा खात नाही, आणि रात्री बंद ठेवला तर सकाळी कॉम्प्रेसर जास्त वेळ धावून बरंचसं भरून काढतो. म्हणजे एवढे हाल सोसून दिवसाला एखाद-दुसरं युनिट वाचत होतं आणि भिंतीतून साडेसात जात होती. त्यात मुंबईत घरगुती दर स्लॅबचे, 100 पर्यंत स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 आणखी महाग, त्यामुळे ही 230 युनिटं नेमकी वरच्या महागड्या दरात बसायची, वर 16 टक्के वीजशुल्क.

पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं ते 110 च्या आत, आणि तेही दिवसभर पंखा लावून. ताईंनी मग बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घेतला, 30 वॅटचा, तो तेहतीस तासांनी एक युनिट घेतो. एसीवरची चादरही काढली, मी फिल्टर धुऊन 24 वर लावून दिलाय, सोबत पंखा, ताई आणि नातवंडं येतात तेव्हा चालतो.

काकूंनी 1125 चा हिशोब मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मीटर रूममध्ये चिकटवलाय, खाली ठळक लिहिलंय, बोर्ड कोणी उघडू नये, फक्त दिवा बघावा, थांबत नसेल तर वायरमनला बोलवा. तळमजल्यावरच्या एका घराचा दिवा सगळं बंद केल्यावरही थांबत नाही असं त्यांनीच फोन करून कळवलं. तिथेही तीच ओली भिंत आहे. रविवारी क्लॅम्प घेऊन जातोय, आरसीसीबी आधीच आणून ठेवलीय.