बॅटरीवरून इंजिनवर: उद्यमनगरातली आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका बाजूला पंपाचे इम्पेलर, दुसऱ्या बाजूला लेथ, आणि मधल्या गाळ्यात आम्ही. रिमोटवर उडणारी छोटी विमानं करतो म्हटल्यावर शेजारी सुरुवातीला हसायचे. आता त्यांच्याच लेथवर आमचे इंजिन माउंट उतरतात आणि उधारीही तिथंच चालते.

धंदा सुरू झाला तो ग्लो इंजिनांवर, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेनं मिथेनॉल पेटवणाऱ्या छोट्या इंजिनांवर. जपानी ओएस आणि एन्या, अमेरिकन कॉक्स, कधीमधी कोलकात्याचं ऑरोरा डिझेल. पुढं लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटर स्वस्त झाल्या, गिऱ्हाईक तिकडं वळलं. वळणारच, ना तेल, ना धूर, ना संध्याकाळी विमान पुसत बसणं. आम्हीही मोटर, मोटरचा वेग सांभाळणारे स्पीड कंट्रोलर, चार्जर ठेवू लागलो. आजही गल्ल्यातला बराचसा पैसा त्याच मालाचा.

इंजिनाचं काम परत आलं ते लोकांच्या कपाटातून. वडिलांचं नाहीतर मामाचं इंजिन, आत इंधनातलं एरंडेल सुकून जाम झालेलं, रुमालात गुंडाळून आणायचे. "दादा, हे फिरतंय का बघा की. फिरलं तर माझ्याच विमानावर चढवा." हीट गननं गरम केलं की एरंडेल सुटतं, क्रँक हलतो, आणि माणसाच्या चेहऱ्यावरच कळतं की आता हे काम घ्यावं लागणार. विमान मात्र विजेवरचं असायचं. अशी कामं वाढत गेली आणि तीच आमची ओळख झाली.

इंजिन बसवणं हा यातला लहान भाग. विजेचं विमान हलक्या हातानं बांधलेलं असतं. मोटर पातळ प्लायवर चार स्क्रूंनी उभी असते, कारण ती थरथरतच नाही. २.५ सीसीचं इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी धडधडायला लागलं की तो प्लाय सुटून येतो. म्हणून नाक कापून ६ मिमी बर्च प्लायची नवी फायरवॉल, म्हणजे इंजिन बसतं ती नाकातली आडवी फळी, घालतो, आतल्या कोपऱ्यांत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या तिकोनी पट्ट्या, सगळं एपॉक्सी गोंदात. मग पातळ केलेल्या एपॉक्सीचा हात नाकाच्या आतून आणि टाकीच्या खणात. हा हात टाळला तर तेल बाल्सात मुरतं, वर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म सुटते, आणि एकदा तेल प्यालेल्या लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही. फोमच्या विमानाचं काम आम्ही घेत नाही. थरथरीत फायरवॉल धरून ठेवेल एवढा जीव फोममध्ये नसतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

टाकीची मधली रेषा कार्ब्युरेटरच्या नीडलच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या) पातळीला किंवा किंचित खाली लागते. विजेच्या विमानात तिथं बॅटरीचा ट्रे असतो, तो काढावाच लागतो. टाकीभोवती स्पंज, नाहीतर थरथरीनं इंधनाला फेस येतो आणि इंजिन हवेत गुदमरतं. थ्रॉटल हलवायला वेगळा सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमावर फिरणारी छोटी मोटर, लागतो. विमानातल्या रेडिओ रिसीव्हरला आजवर वीज स्पीड कंट्रोलरकडून मिळायची. तो गेला, म्हणून ४.८ व्होल्टचा वेगळा पॅक. हा पॅक आम्ही मुद्दाम मागं सरकवतो, कारण इंजिन आणि सायलेन्सर मोटरपेक्षा जड, नाक खाली ओढणारे. तोल पाहायचा तो रिकाम्या टाकीवर. बॅटरीचं वजन उतरेपर्यंत तेवढंच राहतं, पण नाकातलं इंधन संपत जातं तसा तोल मागं सरकतो. प्रोपेलरही बदलायचा. विजेसाठीचे पातळ पात्यांचे प्रोपेलर इंजिनवर लावलेले दिसले की मी विमान टेबलावरून खाली उतरवायला लावतो. ते तुटून उडतात.

ग्लो प्लगचं मला अजून कौतुक वाटतं. अमेरिकेत १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांनी तो बाजारात आणला आणि ठिणगीसाठी वागवावी लागणारी कॉइल-बॅटरी गेली. प्लगात प्लॅटिनमची बारीक तार. सुरू करताना तिला दीड व्होल्ट द्यायचा, ती लाल होते. पुढं मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला भिडूनच उष्णता तयार होते, वरून दाबाची आणि ज्वलनाची, आणि तार स्वतःच तापलेली राहते. नीडल सुरुवातीला दोन-अडीच आटे उघडी. मग थोडी थोडी आवळत जायचं, आवाज जाड घरघरीतून एकदम बारीक होतो, तिथून परत जराशी सोडायची. विमान नाक वर करून हातात धरायचं. आवाज पडला नाही तरच ते जमिनीवरून सुटेल.

धंद्याची खरी डोकेदुखी इंधनाची. मिथेनॉल, पाच-दहा टक्के नायट्रोमिथेन आणि अठरा-वीस टक्के तेल, मिश्रण साधंच. पण मिथेनॉल विष आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्यानंतर मिथेनॉल विकणारा प्रत्येकजण कागदपत्रांना काटेकोर झाला, आणि ते बरोबरच होतं. आम्ही परवानाधारकाकडूनच घेतो, हिशेब ठेवतो, आणि पाण्याची बाटली घेऊन येणाऱ्याला थेंब देत नाही. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून मैदानावर सुरू करण्याच्या जागी पाण्यानं भरलेली बादली असतेच. नव्या पोरांना आधी तीच दाखवतो.

या कामात नफा थोडा, वेळ फार. एका विमानाच्या पैशात चार चार्जर विकून होतील, हे घरचे नेमानं ऐकवतात. कुणाला करून घ्यायचंच असेल तर विमान बॅटरीसकट, उडत होतं त्याच अवस्थेत आणा, रेडिओसुद्धा. नाक कापण्याआधी त्याचा तोल आणि पंखाचा कोन आम्ही मोजून लिहून ठेवतो.