करंट दांड्यात नव्हताच

फोनवर एवढंच सांगितलं होतं की हॉट टबच्या बाजूचा स्टीलचा दांडा करंट मारतोय, जरा अर्थिंग बघून जा. गच्चीवर बसवलेला टब, साधारण बाराशे लिटरचा, तीन किलोवॅटचा हीटर, दोन पंप, आणि बाहेर येताना धरायला स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवलेला दांडा. दांडा चावतो हे घरातली मुलगी आधीपासून सांगत होती, कुणी मनावर घेतलं नाही, मग एक दिवस वडिलांचाच हात झटकला तेव्हा मला फोन आला.

आधी दांडाच तपासला, त्यात काही नाही. मग मीटरचं एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं दांड्याला लावलं, तर नव्वदच्या वर व्होल्ट. डिजिटल मीटर कधीकधी उगाच व्होल्टेज दाखवतो म्हणून लो इम्पिडन्सवर, म्हणजे असलं खोटं व्होल्टेज गळून पडेल अशा सेटिंगवर, टाकून परत बघितलं, तरी साठच्या खाली येईना. म्हणजे करंट पाण्यात होता आणि दांडा जमिनीशी जोडलेला होता. फायबरचा टब, त्यामुळे आत बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही, कारण तो पाण्याच्याच व्होल्टेजला असतो, पण ओल्या हाताने दांडा धरला की रस्ता त्याच्या अंगातून पूर्ण होतो. दांड्याला नावं ठेवत सगळे रोज त्याच पाण्यात उतरत होते.

डीबीपाशी, म्हणजे विजेच्या खटक्यांच्या पेटीपाशी गेलो. आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थमध्ये किंवा माणसातून गळायला लागला की सप्लाय तोडणारा खटका, बसवलेली, ३० मिलिअँपची, चांगल्या मेकची, खटका वर. टेस्ट बटण दाबलं तर खटकाच पडेना. मेन पाडून कव्हर काढलं आणि जे दिसलं ते अजून डोक्यातून जात नाहीये. आरसीसीबीला एकही वायर नव्हती, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्या मागून सरळ एमसीबीला, म्हणजे जास्त लोड आला की पडणाऱ्या साध्या खटक्याला नेलेले. आणि काम कसं, तर लग क्रिंप केलेले, वायरी एका रेषेत वळवलेल्या, जागोजागी टाय मारलेले. मी इतकी वर्षं लोकांचे गुंडाळलेले जोड आणि जळके टेप बघतोय, त्यातलं हे नव्हतं, हे हात बसलेल्या माणसाचं काम होतं. टबच्या बाजूला कंट्रोल बॉक्स उघडला तर तिथे हिरवी वायर अर्थ टर्मिनलवरून काढून, दुमडून, वर व्यवस्थित स्लीव्ह चढवलेली.

त्यावरून काय घडलं असेल ते मला जवळपास दिसलंच. हीटर लीक व्हायला लागला, आरसीसीबी ट्रिप व्हायला लागली. अर्थ काढला की ट्रिप थांबते ही आमच्या धंद्यातली जुनी आणि घाणेरडी युक्ती, ती केली. तरी कुणी पाण्यातून दांडा धरला की परत ट्रिप, कारण आता लीकेज माणसातून जात होतं आणि ती बिचारी बरोब्बर तेच पकडत होती. मग तिलाच सर्किटमधून काढून टाकलं. उरली ३२ अँपची एमसीबी. ती वायर जळू नये म्हणून असते, माणसातून शंभर मिलिअँप गेला, म्हणजे जीव जाईल एवढा, तरी तिला पत्ताही लागत नाही.

मालक म्हणाले, अहो इतके दिवस चालतंय की, आणि आधीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला तो पार्ट जास्तच सेन्सिटिव्ह आहे, काढून टाकला की त्रास नाही. संध्याकाळी पाहुणे येणार होते, आजच्या दिवस चालू द्या, उद्या करा. माणूस निष्काळजी नव्हता हो, भरल्या टबचं वजन स्लॅब पेलेल का हे त्यांनी इंजिनिअरला विचारून घेतलं होतं. पण वजनाची भीती सगळ्यांना कळते, न दिसणाऱ्या करंटची कळत नाही. मी सरळ नाही म्हटलं. एमसीबी पाडून लॉक लावलं आणि सांगितलं की आज हीटर मिळाला तरी पाणी बदलल्यावर बाराशे लिटर १५ डिग्रीने तापवायला तीन किलोवॅटला सात तास लागतात, तेव्हा पाहुण्यांचा विषय सोडा. रागावले. रागावू देत.

हीटर सोडवून ५०० व्होल्टला मेगर केलं, म्हणजे त्याचं इन्सुलेशन तपासलं. एक मेगोह्मच्या वर पाहिजे, इथे काटा शून्याला चिकटलेला. एलिमेंटच्या आवरणावर काळपट डाग आणि केसाएवढी चीर. फ्लो स्विच अडकून बसलेला सापडला, म्हणजे पाणी फिरत नसतानाही हीटर तापत राहिला असणार.

नंतर सगळं केलं. नवा हीटर, नवा फ्लो स्विच, अर्थ जागेवर, दांडा आणि पंपांच्या बॉड्या एकमेकांना बाँड केल्या, म्हणजे त्यांच्यात व्होल्टेजचा फरक राहू नये म्हणून वायरने जोडल्या. आयसोलेटर, म्हणजे सप्लाय पूर्ण तोडायचा स्विच, टबमध्ये बसून हात पोचेल असा लावलेला होता, तो दोन मीटरच्या पलीकडे पण नजरेसमोर हलवला. पंप व्हेरिएबल स्पीडचा, त्यामुळे आरसीसीबी टाइप ए घातली, साधी एसी टाइप तसल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लीकेजला आंधळी होऊ शकते. पाणी ते दांडा परत मोजलं, शून्य.

आधीच्या माणसाचा नंबर घेऊन त्याला फोन केला. भांडायचंच ठरवलं होतं. तो शांतपणे म्हणाला, दादा, गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं, कंपनीवाले हीटर बघायला येत नव्हते, मी काय करणार. म्हटलं, टब बंद ठेवायचा. त्यावर तो काही बोलला नाही. वाईट हे की अडाण्याने केलं असतं तर मी चार शिव्या घालून विसरलो असतो, याला सगळं माहीत होतं. असं अजून कुठे केलंयस, विचारलं, तर एक-दोन ठिकाणी असेल म्हणाला. आजच जाऊन पूर्ववत कर, नाहीतर मला पत्ते दे, मी जातो. जातो म्हणाला. पत्ते दिले नाहीत, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीये.