आहुप्याच्या देवराईत: जाणाऱ्यांसाठी थोडं

आहुपे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहे. बहुतेक जण जातात ते कड्यासाठी. खाली गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसले, फोटो झाले की परत. मी गेलो होतो भैरवनाथाच्या देवराईसाठी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानासाठी.

गावातले एक आजोबा सोबत आले. राईच्या तोंडाशी त्यांनी वहाणा काढल्या, म्हणून मीही काढल्या. आत भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड. गारंबीची वेल मांडीएवढी जाड, पिळे घालत एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, आणि हातभर लांब शेंगा डोक्यावर लोंबतायत. वरून शेकरूचं चकचक चालू. वाटेत एक वाळकी फांदी आडवी पडली होती. आजोबांनी ती उचलली, बाजूला ठेवली आणि पुढे निघाले. घरची चूल लाकडावर, सरपण आणायचं लांबून, तरी! विचारलं तर म्हणाले, "देवाचं हाये ते." एवढंच.

मी काही देवभोळा नाही, आणि ‘निसर्गाशी एकरूप झालो’ वगैरे ऐकलं की मला कसंसंच होतं. पण निवृत्त झाल्यापासून ‘आता आपला उपयोग काय’ हा भुंगा डोक्यात होता. राईबाहेरच्या हिरड्यांकडे सगळे हिशेबानेच बघतात, बाळहिरड्यावर, म्हणजे औषधासाठी विकल्या जाणाऱ्या त्याच्या कोवळ्या फळांवर, इथल्या महादेव कोळी घरांचं वर्ष चालतं. आत मात्र कुठल्याही झाडाला कुणी उपयोग विचारलेला नाही. ते आहे, म्हणून आहे. मी तिथं बराच वेळ नुसता बसून होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही. कामाच्या माणसाला हे कळेल.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी जुनं ठाणं पाडून सिमेंटचं देऊळ उभं राहिलं, अंगणात फरशी आली आणि त्यापायी झाडं गेली. वर्गणी मागायला आले तर देऊळ केवढं बांधणार हे आधी विचारा, मग पाकिटाला हात घाला.

आता जाण्याचं. पुण्याहून मंचर साठेक किलोमीटर, तिथून घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडेकडेने वर. एसटी आहे, पण वेळा घोडेगावात विचारून घ्या आणि परतीची गाडी नक्की केल्याशिवाय चढू नका. पेट्रोल खालीच भरा. जेवण घरगुती मिळतं, आधी सांगावं लागतं, आणि पैशांत घासाघीस करू नका. रेंजच्या भरवशावर राहू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते, ती बघायला पुष्कळ लोक येतात. जायचंच तर गावातला माणूस बरोबर घ्या, विजेरी खाली धरा, आणि चमकणारी काटकी खिशात टाकायचा मोह आवरा. आत स्पीकर लावणाऱ्यांना तर मी काहीच सांगत नाही, त्यांनी लोणावळ्याला जावं.

आहुपे घाटाने खाली कोकणातल्या खोपिवली गावाला उतरता येतं. मात्र भर पावसात, तेही वाट माहीत नसताना, हा घाट अजिबात उतरू नका.