कॉम्प्रेसर गेला नव्हता, तापला होता

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. नागपुरातल्या एका कापड दुकानाच्या गच्चीवर एसीचं ११ टनाचं पॅकेज युनिट आहे, त्यात गॅस दाबणारे दोन स्क्रोल कॉम्प्रेसर. त्यातला एक "गेला" असं आधीच्या मेकॅनिकनं सांगून नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशनही दिलं होतं. मला बोलावलं ते फक्त दुसरं कोटेशन घ्यायला.

दुपारी दोनला गच्चीवर पोचलो. मेन बंद केली, कुलूप घातलं, टर्मिनलच्या वायरी सोडवून मीटर लावला. तिन्ही जोड्या ओपन, म्हणजे करंटची वाट तुटलेली. इथंच माणूस फसतो. मोटरच्या तारेची तीन वेटोळी, म्हणजे वाइंडिंग, एकाच वेळी तुटायची शक्यता फार कमी. पण या कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही वाइंडिंग जिथं एकत्र येतात तिथंच आत ओव्हरलोड, म्हणजे उष्णतेनं उघडणारा संरक्षक स्विच, बसवलेला असतो. कॉम्प्रेसरचा डबा फार तापला की तो उघडतो, आणि मग मीटरवर सगळंच ओपन दिसतं. डब्याला हात लावला तर चटका बसला. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, अर्थिंगला गळती नाही.

मग थांबलो. टर्मिनलचं झाकण घट्ट लावून वरून ओलं पोतं टाकलं आणि टाकीच्या सावलीत बसलो. मॅनेजर दोनदा वर आले. "काहून बसले भाऊ? खाली गिऱ्हाईक घामाघूम झालं ना!" त्यांची घाई मला कळत होती. पण तापलेल्या कॉम्प्रेसरवर निकाल द्यायचा नाही, यावर मी अडून राहतो. दीड तासानं पुन्हा मोजलं: तिन्ही जोड्या दोन ओहमच्या आसपास, एकसारख्या.

म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत. मग तापला कशानं?

चालू करून क्लॅम्प मीटर लावला. एका फेजवर १२.४ अँपिअर, दुसऱ्यावर १०.१. कॉम्प्रेसरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर; त्याच्या वर तिन्ही व्होल्टेज सारखे, ४१२च्या जवळपास. खाली मात्र दोन जोड्या ४००च्या आत. मीटरच्या दोन्ही पिना एकाच पोलच्या वर-खाली ठेवल्या तर १५ व्होल्ट, जिथं जवळजवळ शून्य हवेत. उघडून पाहिलं तर त्या पोलचा पॉइंट खड्डे पडून काळा, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. व्होल्टेजमध्ये २ टक्के फरक पडला की वाइंडिंगची तापमानवाढ साधारण ८ टक्क्यांनी वाढते, ३ टक्क्यांना १८. तो कागदावर लहान दिसणारा फरक ४५ अंशांच्या गच्चीवर पुरेसा ठरतो.

त्यात कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, कॉइल सावरीच्या कापसानं आणि धुळीनं भरलेली. आर-४१०ए गॅसचं हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतानाचा दाब, ५६० पीएसआय दाखवत होतं. आतून बाहेरच्या दिशेनं साध्या पाण्यानं धुतल्यावर ४९०वर आलं.

कॉन्टॅक्टर बदलताना पोऱ्याकडून दोन वायरींची अदलाबदल झाली. स्क्रोल उलटा फिरला: खडखडाट, अँपिअर कमी, दोन्ही गेज जिथल्या तिथं. लगेच बंद करून वायरी सरळ केल्या. असा आवाज ऐकूनही कॉम्प्रेसर मोडीत काढलेले मी पाहिलेत, आणि त्याचं वाईट वाटतं. फार तर पैसे गेले म्हणावं, पण कॉम्प्रेसर काढताना घाईत गॅसही हवेत सोडला जातो. ओझोनला त्याचा धोका नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे. गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला रिकव्हरी मशीन लागते आणि वेळ लागतो. दोन्ही द्यायला हवेत.

सहा वाजता तिन्ही फेजवर १०.८ ते ११. हे आकडे, हेड प्रेशर आणि तारीख पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवली. पुढच्या वेळी जो कोणी वर येईल त्याला ताडून बघता येईल.