फक्कीने आखलेले हृदय

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे समितीचे पत्र आले आणि लिहायचे ते विज्ञानाच्या बाईंविषयीच, हे ते वाचतानाच ठरले. इतर गुरुजनांचे ऋण मोठेच आहे; परंतु भूलतज्ज्ञ म्हणून मी आज जे काम करते, त्याचा पाया बाईंनी नववीत घातला, असे मी मनापासून मानते.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि उच्छ्वासात सुमारे १६ टक्केच उरतो, मग मधले पाच टक्के जातात कुठे, या एका प्रश्नावर त्यांनी कितीतरी तास घेतले. श्वासनलिकेच्या सुमारे २३ वेळा फुटत जाणाऱ्या शाखा, त्यांच्या टोकांचे कोट्यवधी वायुकोश आणि वायुकोशांची एका मायक्रॉनहूनही पातळ भिंत, हे सारे त्या सांगत. ऑक्सिजनला रक्तात कोणी ढकलत नाही. वायुकोशात त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर आणि परतलेल्या रक्तात ४० असतो, म्हणून तो आपणहून आत शिरतो, हे त्यांच्याकडून ऐकले तेव्हा विज्ञान मला प्रथमच आपलेसे वाटले.

एका शनिवारी सकाळच्या शाळेत बाईंनी मैदानावर फक्कीने चार कप्प्यांचे हृदय आखले. कडुनिंबाखाली फुफ्फुसे, पाण्याच्या टाकीपाशी पायाचे स्नायू आणि आम्ही सर्व लाल रक्तकणिका. हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहतो, म्हणून निंबाखाली प्रत्येकाला चार लाल चिठ्ठ्या मिळत. डाव्या अलिंदातून डाव्या निलयात, तेथून महारोहिणीने टाकीपाशी जायचे, एकच चिठ्ठी द्यायची आणि तीन घेऊन उजव्या बाजूने परत फुफ्फुसांकडे यायचे. सगळ्या चिठ्ठ्या का द्यायच्या नाहीत, असे एका मैत्रिणीने विचारले. बाईंनी टाकीपाशी उभ्या असलेल्या मुलाला मैदानाची फेरी पळत मारायला लावली आणि मग प्रत्येकाकडून दोन-तीन चिठ्ठ्या घ्यायला सांगितले. विश्रांतीत रक्त सरासरीने चौथा हिस्साच देते. स्नायू राबू लागला, की तेथे कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता वाढते आणि हिमोग्लोबिनची पकड सैल होते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ साली मांडला, हे मला पुढे वैद्यकीय महाविद्यालयात कळले.

रुग्णाच्या बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर दिसणारा ९८ हा आकडा रोहिणीतील रक्ताची संपृक्तता, म्हणजे हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन धरणाऱ्या जागांपैकी किती टक्के भरल्या आहेत, हे सांगतो. अतिदक्षता विभागात आम्ही कधी कधी हृदयाकडे परतणारे रक्तही तपासतो. निरोगी माणसात त्याची संपृक्तता ७५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बाईंनी परत आणायला लावलेल्या त्याच तीन चिठ्ठ्या. हा आकडा बराच खाली घसरला, तर बोटावरचा ९८ कायम असूनही शरीर राखीव साठ्यावर जगत असते, आणि रक्तस्राव, ॲनिमिया किंवा थकलेले हृदय यांचा शोध घ्यावा लागतो. हे शिकवण्यासाठी मी माझ्या विद्यार्थी डॉक्टरांनाही आधी चिठ्ठ्याच वाटते.

मैदानाच्या त्या भागावर आता नवी इमारत आहे आणि कडुनिंब राहिलेला नाही. पडद्यावर हृदयाची हलती चित्रे सुरेख दिसतात. पण ती पाहणारे मूल बाकावरच बसून राहते, याची मला फार खंत वाटते. समितीला माझी विनंती आहे, की महोत्सवाच्या सप्ताहात नववीच्या वर्गाला उरलेल्या मैदानावर एक सकाळ द्यावी. फक्की आणि चिठ्ठ्या मी घेऊन येईन. बाईंची प्रकृती साथ देणार असेल, तर सूचना त्यांनीच द्याव्यात.