धादांत, धडधडीत आणि बेअरफेस्ड

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने मागवलेले एक पार्सल आमच्या पत्त्यावर यायचे होते. मी दुपारभर पुढचे दार सताड उघडे टाकून मटार सोलत बसले होते आणि त्याच वेळी तिच्या फोनवर निरोप आला, की आमचा प्रतिनिधी येऊन गेला, दोनदा बेल वाजवली, परंतु कोणी दार उघडले नाही. रंगकाम झाल्यापासून आमच्या बेलच्या जागी भिंतीतून नुसत्या दोन वायरी लोंबत आहेत. भाचीने संतापून इंग्रजीत तक्रार लिहिली आणि तीत ‘बॉल्डफेस्ड लाय’, म्हणजे निर्लज्जपणे बोललेले उघडउघड खोटे, असा शब्दप्रयोग केला. तिच्या मैत्रिणीच्या मते तो शब्द ‘बोल्डफेस्ड’ होता, तर कार्यालयातील वरिष्ठांनी ‘बेअरफेस्ड’ असे सुचवले. मी अनेक वर्षे भाषांतराची कामे करत असल्यामुळे हा तंटा माझ्याकडे आला.

तिघांचेही बरोबर होते, असे सांगितले तर कोणाचेच समाधान होत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. तीन शब्दांपैकी वयाने सर्वांत मोठा बेअरफेस्ड. शेक्सपिअरने तो वापरला तेव्हा त्यात खोटेपणाचा मागमूसही नव्हता. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये नाटक बसवणारे कारागीर कोणती दाढी लावावी यावर खल करत असतात, तेव्हा हा शब्द ‘बिनदाढीचा’ या साध्या अर्थाने येतो आणि त्यावर विनोदही होतो. ‘मॅकबेथ’मध्ये मात्र अर्थ एक पाऊल पुढे सरकलेला दिसतो. बँकोला मी उघडउघड सत्तेच्या बळावर दूर करू शकलो असतो, पण तसे करून चालणार नाही, असे मॅकबेथ मारेकऱ्यांना सांगतो, आणि त्या उघडउघड सत्तेला लावलेले विशेषण म्हणजे हेच. दाढी नाही, मुखवटा नाही, म्हणून आडपडदा नाही, असा हा प्रवास आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘मुखवटा नसलेला’ आणि ‘निर्लज्ज’ हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत शेजारी शेजारी बसलेले आढळतात. पुढे पहिला अर्थ मागे पडला आणि दुसरा उरला.

बॉल्डफेस्ड हा मूळचा जनावरांचा शब्द. जुन्या इंग्रजीत ‘बॉल्ड’ म्हणजे केवळ टकला नव्हे, तर पांढरा पट्टा असलेला असाही अर्थ होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय पक्ष्याचे, म्हणजे बॉल्ड ईगलचे, डोके पिसांनी भरगच्च असते, फक्त ती पिसे पांढरी असतात. आपल्याकडे कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या बैलाचे नाव चांद्या ठेवतात, तशातलाच हा प्रकार. त्या शब्दाला बेशरमपणाचा अर्थ अमेरिकेत चिकटला आणि तिथे आज तोच अधिक चालतो. ब्रिटनमध्ये बेअरफेस्डला पसंती आहे. बोल्डफेस्डचा अर्थ धीट चेहऱ्याचा, म्हणजे उद्धट. तोही शेक्सपिअरकडे आहे, परंतु आज तो डोळ्यांसमोर आला की आधी छापखान्यातील ठळक टाइप आठवतो, त्यामुळे मी तो टाळते. शिवाय मराठी तोंडून बॉल्ड आणि बोल्ड यांत ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही, तेव्हा निदान बोलताना तरी हा वाद निरर्थकच आहे.

खरा प्रश्न शब्द कोणता हा नसून तो कुठे लावायचा हा आहे, आणि तिथे बहुतेकांची गल्लत होते. बेअरफेस्ड म्हणजे ‘फार मोठे’ खोटे नव्हे. एखाद्याने वर्षानुवर्षे कागदपत्रे रंगवून, खोट्या सह्या करून कोट्यवधींची अफरातफर केली, तर ते खोटे प्रचंड असेल, पण बेअरफेस्ड नसेल, कारण त्याने ते झाकण्यासाठी अपार कष्ट घेतलेले असतात. उलट, ओठांना साखर लागलेली असताना ‘मी लाडू खाल्ला नाही’ असे आपल्या डोळ्यांत डोळे घालून सांगणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे खोटे अगदी चिमुकले असले, तरी ते या विशेषणाला पुरेपूर पात्र आहे. पुरावा समोर आहे, बोलणाऱ्याला ते ठाऊक आहे, आपल्याला ते ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक आहे, आणि तरीही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, एवढ्या सगळ्या गोष्टी त्या एका शब्दात गृहीत असतात. म्हणूनच तो आरोप जड आहे. ‘हे चुकीचे आहे’ असे म्हणताना आपण माहितीला दोष देतो, तर हे विशेषण लावताना थेट माणसाच्या हेतूवर बोट ठेवतो. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणण्यास मनाई आहे, आणि १९०६ मध्ये चर्चिल यांनी ‘पारिभाषिक अयथार्थता’ अशा धाटणीचा जो लांबलचक शब्दप्रयोग केला, तो पुढे खोटे या शब्दाला पर्याय म्हणून गाजला.

मराठीत याला प्रतिशब्द काय, हे भाचीने विचारले तेव्हा मात्र मला खरी गंमत वाटू लागली. धडधडीत खोटे, निखालस खोटे, धादांत खोटे, ढळढळीत खोटे अशी रांगच लागते, आणि यातला एकही शब्द मुळात खोट्याचा नाही. धडधडीत हा पेटलेल्या जाळाच्या आवाजातून आलेला. आपण धडधडीत पुरावा म्हणतो आणि धडधडीत जिवंत माणूसही म्हणतो. निखालस म्हणजे भेसळ नसलेले, त्याच्या पोटात अरबी-फारसीतला ‘खालिस’ आहे. सर्वांत नवलाचा धादांत. दासबोधात तो वेदांत आणि सिद्धांत यांच्या पंक्तीला बसतो आणि तिथे त्याचा अर्थ प्रत्यक्ष अनुभव असा आहे. इतका प्रतिष्ठित शब्द आज खोट्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या शेजारी फारसा उभा राहत नाही. उघडेपणातून बेशरमपणाकडे बेअरफेस्ड जसा गेला, तसाच हाही गेला, आणि तेही एकमेकांना न विचारता.

लोणकढी थाप मात्र या यादीत मी घालणार नाही. ती ताज्या लोण्यातून कढवलेल्या तुपासारखी आयत्या वेळी तयार केलेली असते, तिला कल्पकता लागते आणि ऐकणाऱ्याला ती क्षणभर खरी वाटावी अशी बोलणाऱ्याची अपेक्षा असते. हिंदीतून येताना तर आणखी एक खड्डा आहे. हिंदीतले ‘सफेद झूठ’ म्हणजे नेमके धडधडीत खोटे, तर इंग्रजीतले ‘व्हाइट लाय’ म्हणजे समोरच्याचे मन राखण्यासाठी बोललेले निरुपद्रवी खोटे. एका भाषांतरात मी स्वतः या खड्ड्यात पडले आहे आणि संपादकांनी मला हात देऊन बाहेर काढले आहे.

चेहऱ्याची प्रतिमा हवीच असेल, तर मराठीत ‘तोंड वर करून खोटे बोलणे’ आहे. बेअरफेस्डला याहून जवळचे माझ्या पाहण्यात काही नाही. फक्त इंग्रजीत जे नामाला चिकटलेले विशेषण आहे, ते मराठीत क्रियापदाकडे जाते, आणि भाषांतर करताना वाक्य उलटेपालटे करण्याची तयारी ठेवावी लागते.

भाचीला मी तो शब्द काढून टाकण्याचा सल्ला दिला. तो निरोप यंत्राने पाठवलेला, बहुधा कोणीतरी घाईत तीन-चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवले असेल, आणि ज्या खोट्याला चेहराच नाही त्याला हे विशेषण लावणे मला पटेना. तिने कुरकुरत ‘चुकीची माहिती’ असे लिहून तक्रार धाडली. तिसऱ्या दिवशी पार्सल घेऊन एक तरुण आला. परवा काय झाले होते, असे मी विचारले, तेव्हा त्या दोन लोंबत्या वायरींच्या शेजारी उभा राहून, माझ्याकडे सरळ पाहत तो म्हणाला, “दोनदा बेल वाजवली, काकू. तुम्ही झोपला असाल.”

मी सही केली आणि भाचीला फोन लावून सांगितले, की तो शब्द आता खुशाल परत घाल.